माळ्यावरच्या मोटारी

दादरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची चाळ पुनर्विकासाला गेली. दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करायच्या आहेत आणि सासऱ्यांच्या वेळेपासूनचं सामान माळ्यावरून खाली उतरलं आहे. त्यात बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात निघाल्या पंचवीस-तीस खेळण्यातल्या मोटारी. काही बोटाएवढ्या, काही तळहाताएवढ्या. धातूच्या, हाताला जड लागणाऱ्या. यजमानांच्या आणि धाकट्या दिरांच्या लहानपणच्या. भंगारवाला म्हणतो, किलोवर घेतो. शेजारच्या मुलानं मोबाइलवर बघून सांगितलं, "काकू, लाखांत जातात या!" झालं! घरात दोन तट पडले. भगिनी विचारतात, "खरं कुणाचं मानू? आणि तोवर चिंच लावून घासून ठेवू का?"

बाई गं, घासू मात्र नका! एवढं आधी वाचा आणि मग बाकीचं निवांत चहा घेता घेता वाचा.

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी अगदी लायक आहे, कारण जे जे करू नये ते सगळं मी एकदा करून बसले आहे. ते पुढे सांगेनच. आधी तुमच्या डब्याकडे वळू.

साडी हातात घेतली की आपण काठ-पदर आधी बघतो ना, तसं या मोटारीचं बूड आधी बघायचं. उलटी करा आणि उजेडात धरा. खाली कोरलेलं नाव दिसेल, कुठे तयार झाली तेही दिसेल. वहीचं एक पान घ्या, प्रत्येक मोटारीचं नाव, रंग आणि बुडावरची अक्षरं उतरून काढा. या कामाला मुलांना बसवा, तेवढीच ती मोबाइल सोडून बसतील. साठ-सत्तरच्या दशकातल्या डब्यात बहुधा तीन इंग्रजी नावं निघतात : डिंकी, मॅचबॉक्स आणि कॉर्गी. ही नावं निघाली तर भंगारवाल्याला निरोप द्या, आज काही नाही म्हणावं.

डिंकी या तिघींतली थोरली. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी, ज्यांनी मेकॅनो काढला, त्यांच्या कारखान्यात खेळण्यातल्या आगगाड्या होत. त्या आगगाडीच्या कडेला मांडायला म्हणून १९३३-३४ च्या सुमारास छोट्या मोटारी काढल्या, आणि मुलांनी आगगाडी ठेवली बाजूला नि मोटारीच मागायला सुरुवात केली! तो लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद पडला.

मॅचबॉक्सची गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका शाळकरी मुलीपासून सुरू होते. लंडनला लेझ्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोघा मित्रांनी १९४७ साली ओतकामाचा छोटा धंदा काढला, तोही एका पडक्या दारूच्या गुत्त्याच्या जागेत. आडनाव एक, पण नातं काही नाही. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून कंपनीचं नाव ठेवलं लेझ्नी. पुढे जॅक ओडेल हा हुशार कारागीर त्यांना येऊन मिळाला. त्याच्या मुलीच्या शाळेत नियम होता म्हणे, की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं शाळेत आणायचं. ही पोर काडेपेटीतून कोळी घेऊन जायची असंही सांगतात! त्यावर बापानं रस्ता दाबायचा रोलर पितळेत इवलासा करून दिला, काडेपेटीत बसेल असा. वर्गातल्या सगळ्यांना तो हवा झाला.  १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचा छोटा रथ कंपनीनं काढला आणि तो दहा लाखांवर खपला. मग काडेपेटीसारख्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मोटारी विकायच्या, हीच रीत पडली. पंच्याहत्तर मोटारींचा संच ठरलेला, एक नवी आली की एक जुनी बंद. जी लवकर बंद झाली किंवा एखाद्या रंगात थोडीच निघाली, तिच्यामागे आज लोक धावतात. ही कंपनीही १९८२ साली बुडाली. नाव मात्र हातोहाती फिरत राहिलं, आणि आज ते हॉट व्हील्सवाल्या मॅटेलकडे आहे.

तिसरी कॉर्गी, १९५६ ची, वेल्समधल्या स्वान्सीची. हिच्या मोटारींना खिडक्यांच्या काचा होत्या, हा त्या वेळी मोठा डामडौल. १९६५ साली त्यांनी जेम्स बाँडची सोनेरी ॲस्टन मार्टिन काढली. कळ दाबली की पुढून बंदुका बाहेर, मागे गोळ्या अडवायचा पडदा वर, आणि छप्पर उघडून शेजारी बसलेला बदमाश टुण्णकन उडून बाहेर! तीन वर्षांत ती तीस लाखांच्या आसपास खपली.

आता इथेच नीट लक्ष द्या. तीस लाख खपलेली वस्तू दुर्मीळ कशी होईल? नाहीच होत. पण ती खेळली गेली. उडालेला तो माणूस कॉटखाली गेला, केरात गेला. पडदा मोडला, सोनेरी रंगाचे टवके उडाले, खोकं पहिल्याच दिवशी फाटलं. तीस लाखांतून कोऱ्या खोक्यासकट, माणसासकट, आतल्या कागदांसकट राहिल्या त्या थोड्या. किंमत येते ती या थोड्यांना. सगळ्यांनी वापरलेली वस्तू एखादीनं न वापरता जपली की भाव चढतो. सासूबाईंच्या न नेसलेल्या पैठणीसारखं, दुसरं काय! आणि विकत घेणारे कोण? तीच मुलं, जी आज साठी-सत्तरीची आहेत. लहानपणी जे मिळालं नाही किंवा मिळून हरवलं, ते आता खिशात पैसा आल्यावर शोधतात. म्हणून भाव पिढीबरोबर फिरतात. युद्धापूर्वीच्या डिंकीवर जीव टाकणारी पिढी ओसरत चालली आहे, आणि सत्तर-ऐंशीतल्या हॉट व्हील्सवाल्यांची जोरात आहे. "ठेवू अजून वीस वर्षं, भाव वाढेलच" हे सोन्याला लागू असेल, मोटारीला नाही, बरं का.

लाखाची गोष्ट खोटी आहे का? अगदी खोटी नाही. एका दुकानाची जाहिरात रंगवलेली १९३० च्या दशकातली डिंकीची छोटी डिलिव्हरी व्हॅन २००८ साली इंग्लंडात लिलावात जवळजवळ वीस हजार पौंडांना गेली. आजच्या भावानं वीस लाखांच्या वर. आणि हॉट व्हील्सची ती गुलाबी बीच बॉम्ब! १९६९ साली मॅटेलनं फोक्सवॅगनच्या बसचा एक नमुना केला, मागच्या खिडकीतून समुद्रात लाटांवर घसरायच्या फळ्या खोचलेला. पण तो इतका अरुंद झाला की शर्यतीच्या पट्टीवर धड पळेना. तेव्हा तो रद्द करून, फळ्या बाजूला लावून, रुंद बस काढली. जे थोडे रद्द नमुने कामगारांच्या घरी गेले, त्यांतली गुलाबी आज सगळ्यात महाग हॉट व्हील्स मानतात. म्हणजे बघा, चुकलेली मोटार सगळ्यात महाग! आपल्या चुकलेल्या चकल्यांना कुणी विचारत नाही.

पण अशा मोटारी माळ्यावरच्या डब्यात निघत नाहीत. डब्यात निघतात त्या खेळून झिजलेल्या, आणि त्यांना शेकड्यांत, फार तर काही हजारांत भाव येतो. मोबाइलवर जो आकडा दिसतो तो बहुतेकदा विकणाऱ्यानं मागितलेला असतो, घेणाऱ्यानं दिलेला नव्हे. भाजीवालीनं मेथी चाळीस सांगितली म्हणून आपण चाळीस देतो का? विकून झालेल्या वस्तूंची किंमत वेगळी दिसते, ती बघायला त्या मुलाला सांगा.

इंग्रजी नावं नसतील तरी डबा बाजूला सारू नका. त्या काळी परदेशी खेळणी येत ती कुणी बोटीवर किंवा विलायतेत असलं तरच. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे लिव्हरपूलहून कलकत्त्याला आले आणि त्यांतून निघालेल्या मोटारींचं नाव ठेवलं निकी! साचा तोच, म्हणून काहींच्या बुडावरचं डिंकी हे नाव खरवडून काढलेलं दिसतं. रंग जरा जाड, काम जरा ओबडधोबड. पण आज इंग्लंडातले हौशी लोक याच निकीच्या शोधात असतात, कारण त्या थोड्या झाल्या आणि त्याहून थोड्या उरल्या. मिल्टन आणि मॅक्सवेल याही कलकत्त्याच्याच. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या लिओ कंपनीनं मॅटेलच्या साच्यांवरून हॉट व्हील्स काढल्या. त्यांचे रंग अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे, म्हणून त्यांनाही बाहेर गिऱ्हाईक आहे. आमच्या वेळी आम्ही "देशी माल" म्हणून नाक मुरडलं तोच हा माल.

आता माझी गोष्ट. सांगायला आजही जड जातं.

१९७८ साली लग्न होऊन मी साताऱ्याला वाड्यात आले. धाकटे भाऊजी तेव्हा शिकत होते. त्यांचे मामा बोटीवर नोकरीला. घरी आले की भाच्याला एक मोटार ठरलेली. मुंजीला १९६६ साली ती बाँडची सोनेरी मोटारसुद्धा मामांनीच आणली होती. भाऊजी खेळत असत, पण खेळ झाला की प्रत्येक मोटार आपापल्या खोक्यात घालून ठेवत. अशी वीस-बावीस खोकी कपाटाच्या खालच्या खणात ओळीनं मांडलेली. काही फुगलेली, काहींचे कोपरे झुरळांनी कुरतडलेले.

१९८० च्या दिवाळीआधी मी साफसफाई काढली. भाऊजी नोकरीला लागून नागपूरला गेलेले. नवी सून, हौस दांडगी, आणि असल्याच एका मासिकात "कमी जागेत टापटीप" असा लेख मी वाचलेला! सगळ्या मोटारी काढल्या, चिंच आणि राखेनं लख्ख घासल्या, रंग गेला तिथे आतलं जस्त कसं चांदीसारखं चमकलं म्हणून खूष झाले, आणि सगळ्या एका स्टीलच्या डब्यात भरल्या. एकीवर एक. खोकी राहिली. पुठ्ठा सुका होता. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला बंब पेटवायचाच होता.

भाऊजी नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री आले. सकाळी फराळ झाल्यावर त्यांनी खण उघडला. "वहिनी, खोकी कुठं आहेत?"

मी हसतच म्हणाले, "भाऊजी, त्याच पाण्यानं तुम्ही आंघोळ केलीत की!"

ते काही बोलले नाहीत. मोटारीही पाहिल्या नाहीत. चप्पल घालून बाहेर गेले ते दुपारी पानं मांडायच्या वेळेला परत आले. मला वाटलं, पुठ्ठ्याच्या खोक्यांचं एवढं काय! थोडा रागही आला. सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "विचारायचं होतंस गं."

बाजारात खोक्याचं मोल किती, ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. नुसत्या मोटारीला जो भाव, तेवढाच किंवा कधी त्याहून जास्त भाव खोक्यामुळे येतो. म्हणून तर आता नकली खोकी छापून मिळतात. जुना पुठ्ठा आतून पिवळट, तपकिरी पडलेला असतो. नवं खोकं आतून पांढरंशुभ्र असेल तर संशय घ्या. तसंच बुडाची रिव्हिटं बघा. ती पोखरून पुन्हा बसवलेली किंवा तिथे स्क्रू दिसला, तर मोटार उघडून पुन्हा रंगवलेली आहे असं समजावं. आपण हौसेनं रंग दिलेल्या मोटारीला तर कुणी विचारत नाही. पोचे, टवके परवडले, पण नवा रंग नको.

तेव्हा दादरच्या ताई, घासणं नाही, रंग नाही. चिंच, लिंबू, पितांबरी, रांगोळी काही नाही. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका. फारच मळ असेल तर जुन्या मलमलीचा तुकडा ओलसर करून हलकेच टिपा आणि लगेच कोरडं करा. कागदी चिकटपट्टीवर, म्हणजे मोटारीवर लावलेल्या नंबराच्या चित्रावर, पाणी लागू देऊ नका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. प्रत्येक मोटार स्वतंत्र मलमलीत गुंडाळा म्हणजे एकमेकींवर आपटून टवके उडणार नाहीत. डांबराच्या गोळ्या कपड्यांत ठीक, इथे नकोत. त्यांच्या वाफेनं प्लॅस्टिकच्या खिडक्या, चाकं खराब होऊ शकतात. नव्या चपलांच्या, पर्सच्या खोक्यात त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या निघतात, त्या फेकू नका, इथे घाला आणि पावसाळ्यात बदला. खोक्यांना रबरबँड लावू नका. उन्हाळ्यात तो वितळून पुठ्ठ्याला चिकटतो आणि मग सोडवताना पुठ्ठ्याचं कातडंच निघतं. माळा उन्हात तापतो आणि पावसात ओलावतो, म्हणून डबा माळ्यावर परत जाऊ नये. कपाटाचा मधला खण बरा.

एक दुखणं मात्र असं आहे की त्याला औषध नाही. युद्धापूर्वीच्या काही मोटारींच्या जस्तात शिसं मिसळलं गेलं होतं. अशा मोटारीला कालांतरानं आतूनच बारीक तडे जातात, अंग फुगतं, आणि एक दिवस हात लावताच ती बिस्किटासारखी तुटते. तडे दिसले तर ती वेगळी ठेवा, उगाच दाबून बघू नका. शिशावरून आठवलं, जुन्या रंगांतही शिसं असू शकतं. नातवंडं तोंडात घालायच्या वयाची असतील तर हा डबा त्यांच्यापुढे मुळीच नको. त्यांना दुकानातली नवी दीडशे-दोनशे रुपयांची मोटार आणा आणि मनसोक्त आपटू द्या. हल्ली मोठी माणसं सकाळीच दुकानात जाऊन या नव्या हॉट व्हील्स पाकिटासकट उचलतात, पाकीट न फोडता भिंतीला टांगतात. १९९५ पासून मॅटेल मुद्दाम काही मोटारी थोड्याच काढते, त्या हेरायला. आमच्या सोसायटीतल्या एका चिरंजीवांच्या खोलीत अशा चारशे आहेत आणि एकही फोडलेली नाही! मला तरी हे लोणचं घालून बरणी न उघडण्यासारखं वाटतं, पण ज्याची त्याची हौस.

विकायचंच ठरलं तर सगळा डबा एकरकमी देऊ नका. डब्यातली एक चांगली हेरूनच घेणारा "सगळ्यांचे पाच हजार" म्हणत असतो. आधी प्रत्येकीचा वरून, खालून, बाजूनं फोटो. दोघा-तिघांना दाखवा. चोरबाजारातला एक आणि हौशी संग्राहकांतला एक असं विचारलंत तर अंदाज येतो.

पण ताई, तुमच्या पत्रातली एक ओळ मला त्याहून महत्त्वाची वाटली. "यजमानांच्या आणि धाकट्या दिरांच्या." दीर बंगळूरला असतात असं तुम्ही लिहिता, आणि त्यांना अजून काही कळवलेलं नाही. आधी त्यांना फोन करा. भाव विचारायच्या आधी. उद्या चांगली रक्कम आली आणि त्यांना बाहेरून कळलं तर पैशांवरून होईल ते होईलच. आणि रक्कम नाही आली तरी कोणती मोटार कुणाची, कुणी कधी आणली, हे सांगणारी दोनच माणसं आहेत आणि दोघंही आता साठीच्या पुढची.

गेल्या महिन्यात आमचे भाऊजी चार दिवस राहायला आले होते. निवृत्त झाले, गुडघे दुखतात. मी तो स्टीलचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "भाऊजी, तुमचं केवढं नुकसान केलं मी. त्या खोक्यांना हजारो रुपये येतात म्हणे."

ते म्हणाले, "पैशाचं नाही हो वहिनी. प्रत्येक खोक्याच्या झाकणाच्या आत मामा पेन्सिलीनं लिहायचे. बंदर आणि तारीख. लिव्हरपूल, एडन, असं. मी ते ओळीनं लावून त्यांची बोट कुठून कुठं गेली ते नकाशात बघायचो." मामा १९७५ सालीच गेले. त्यांचं दुसरं अक्षर घरात कुठे नाही.

त्या दिवाळीपासून इतक्या वर्षांत हे ते कधी बोलले नव्हते, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

रात्री मला झोप येईना. उठून सासूबाईंचा शिवणाचा डबा काढला. त्या गेल्यापासून मी तो तसाच ठेवला आहे. त्यात त्या सुया एका छोट्या पिवळ्या-निळ्या पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवत. इतकी वर्षं मी त्या पेटीतून सुई काढत आले, पण ती कसली पेटी हे कधी पाहिलं नव्हतं. झाकणाच्या आत बारीक पेन्सिलीत लिहिलं होतं : लिव्हरपूल, ११ मार्च १९६४.

सकाळी चहाबरोबर मी ती भाऊजींच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, खिशातल्या रुमालात गुंडाळली आणि डब्यात हात घालून हिरवी लॉरी शोधायला लागले. ती याच खोक्यातली, म्हणाले. लॉरी मिळाली, माझ्या चिंचेनं अर्धा रंग गेलेली. खोक्यात बसली.

सुया मी आता औषधाच्या रिकाम्या बाटलीत ठेवल्या आहेत.